टॅमरॅक काउंटीची हिरवी भिंत

या जगात कोण जिवंत आहे आणि कोण मेलं आहे, हे ठरवण्याचा अधिकार परमेश्वराच्या खालोखाल व्हर्लिन ओसगार्डकडे होता. आता त्या अधिकाराची हद्द टॅमरॅक काउंटीपुरती होती, आणि माणसं, गुरंढोरं, झाडंझुडपं वगळून फक्त राऊटर, स्विच, प्रिंटर आणि कचरा डेपोवरचा वजनकाटा एवढीच प्रजा त्याच्या अखत्यारीत येत होती, ही गोष्ट वेगळी. पण अधिकार तो अधिकार. शिवाय परमेश्वराकडे भिंतीवरचा टीव्ही नव्हता. व्हर्लिनकडे दोन होते.

एक टीव्ही कोर्टहाउसच्या तळघरात, त्याच्या खात्यात. खातं म्हणजे व्हर्लिन स्वतः, त्याच्या हाताखालची ल्युआन पेट्रिच, आणि एक कॉफीचं यंत्र. दुसरा टीव्ही वरच्या मजल्यावर, जिथे काउंटीचे कमिशनर दर मंगळवारी बैठकीला बसत, त्या दालनाच्या भिंतीवर. दोन्हींवर चित्र एकच: काळ्या पडद्यावर ओळीने मांडलेले हिरवे ठिपके. ठिपक्याखाली नाव. वाचनालय, कचरा डेपो, शेरीफची चौकी, तळ्यापलीकडचं गॅरेज. सगळे हिरवे. पावसाळी कुरणासारखे.

यामागची विद्या तशी सोपी होती. तळघरातला सर्व्हर दर मिनिटाला काउंटीतल्या प्रत्येक पेटीला हाक मारी, आहेस का? पेटीने म्हणायचं, आहे. या सवालजवाबाला त्या धंद्यात पिंग म्हणतात. उत्तर आलं की ठिपका हिरवा, नाही आलं की लाल. पेटी काम करते का, नीट करते का, तिला कुणाला काही दुखणं सांगायचं आहे का, हे पिंग विचारत नाही. आहेस ना? मग झालं.

या बाबतीत पिंग आणि अमेरिकेतल्या या उत्तर मिनेसोटातली माणसं एकाच मुशीतली. तिथे कुणी कुणाला भेटलं की विचारतात, काय म्हणतोस? समोरचा म्हणतो, तसं काही वाईट नाही. गोठा जळाला तरी वाईट नाही, बायको माहेरी निघून गेली तरी वाईट नाही. अगदीच आकाश कोसळलं तर म्हणतात, जरा वेगळंच आहे. हे 'वेगळंच आहे' कानावर आलं की शेजारपाजारचे लोक खिमा-बटाटे भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं टॉवेलात गुंडाळून सांत्वनाला निघतात.

व्हर्लिनची भिंत जन्मतः अशी संस्कारी नव्हती. पहिल्या वर्षी ती अत्यंत फटकळ होती. एक हाक चुकली की ठिपका लाल. खारीने तार कुरतडली, लाल. वीज लुकलुकली, लाल. लाल झालं की वरच्या मजल्यावरून हार्लन स्टुब्बे, म्हणजे कमिशनरांचे अध्यक्ष, जिना उतरून यायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, "व्हर्लिन, काहीतरी लाल दिसतंय बाबा." पुढे काही बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. मिनेसोटात याला कडक ताशेरे म्हणतात.

तेव्हा व्हर्लिनने सर्व्हरला समजावलं की एका हाकेने ओरडायचं नाही, तीन हाका चुकल्या की ओरड. मग तीनाच्या दहा झाल्या. मग अर्धा तास कुणी ओ दिली नाही तरच लाल, असं ठरलं. तरी तळ्यापलीकडचं गॅरेज काही सुधारेना. रस्त्यावरचा बर्फ सारणारे काउंटीचे ट्रक तिथे उभे असतात. तिथपर्यंत तार नाही. कोर्टहाउसमधून पाण्याच्या टाकीवरच्या डिशला आणि डिशवरून तळ्यापार, असा हवेतून संपर्क. थंडीत डिशवर बर्फ बसला की गॅरेज मुकं व्हायचं. व्हर्लिनने विचार केला, गॅरेजला कशाला विचारायचं? टाकीवरच्या डिशला विचारू. डिश ठीक तर गॅरेजही ठीकच असणार. शेजाऱ्याची ख्यालीखुशाली त्याच्या शेजाऱ्याला विचारणं ही तर तिथली रीतच आहे.

पण डिशही वाऱ्याने वाकडी व्हायची. मग व्हर्लिनने डिशच्या अलीकडची पेटी शोधली. ती तळघरातच होती, टीव्हीखालच्या कपाटात. ती कधीच चुकत नसे. चुकायचीच तर तळघराची वीज गेल्यावर, आणि वीज गेली की टीव्हीही बंद, म्हणजे लाल बघायला कुणी उरतच नव्हतं. असं निर्दोष यंत्र माणसाच्या आयुष्यात एकदाच येतं. गॅरेजला गुण आला म्हटल्यावर व्हर्लिनने तीच मात्रा वाचनालयाला दिली, मग डेपोला, मग चौकीला. भिंत हिरवी झाली आणि हिरवीच राहिली.

यात लबाडी नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. लबाडी माणसाच्या लक्षात राहते. सोय तो विसरून जातो. व्हर्लिन इतकं विसरला की राज्यातल्या सगळ्या काउंट्यांच्या मेळाव्यात त्याने 'भिंत हिरवी कशी ठेवावी' या विषयावर व्याख्यान दिलं, आणि लाकडाची एक ढाल बक्षीस घेऊन आला.

अशा या सुखी राज्यात जानेवारीतल्या एका मंगळवारी मिनिआपोलिसहून एक माणूस आला. नाव ब्रेडन किम्बल. बोटं गारठतील अशा थंडीत तो पातळ, टोकदार बुटांत आला होता, यावरूनच तो लांबचा आहे हे लोकांनी ओळखलं. त्याच्या कंपनीचं म्हणणं असं, की काउंटीच्या यंत्रांवर नजर ठेवायला काउंटीने स्वतःचं खातं कशाला पोसायचं? आम्ही मिनिआपोलिसात बसून बघतो. प्रस्ताव मंजूर झाला तर ल्युआनला कारकुनीत जागा होती. व्हर्लिनला कुठेच नव्हती. त्याच्या तळघरात फायली ठेवायचं आधीच घाटत होतं. कुणीतरी येऊन खोलीची मापंही घेऊन गेलं होतं. जाताना त्याने व्हर्लिनला विचारलं होतं, काय म्हणतोस? व्हर्लिन म्हणाला होता, तसं काही वाईट नाही.

बैठकीत ब्रेडनने पाऊण तास रंगीत चित्रं दाखवली. मग व्हर्लिनची पाळी आली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भाषण पाठ केलं होतं, पण ऐन वेळी त्याला वाटलं, सूर्याची ओळख कशाला करून द्यायची. त्याने फक्त भिंतीकडे हात केला.

"बघा," तो म्हणाला.

कमिशनरांनी बघितलं. कुरण हिरवंगार होतं. अध्यक्ष हार्लन समाधानाने खाकरले. "बरं तर," ते म्हणाले, "मला वाटतं हात वर करून..."

"हार्लन, एक मिनिट," पश्चिमेकडच्या भागाच्या कमिशनर आर्डिस मॅटिला म्हणाल्या. आर्डिसबाईंनी निवृत्त होण्याआधी निम्म्या काउंटीला तिसरीत पाढे शिकवले होते. व्हर्लिनही त्यांच्याच हातचा. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. "फार छान दिसतंय रे, व्हर्लिन. डोळ्यांना थंडावा वाटतो. फक्त एक आहे, म्हणजे तसं काही विशेष नाही. सकाळी येताना माझी गाडी जरा रस्त्याकडेच्या चरात गेली."

"लागलं का, बाई?" व्हर्लिनने विचारलं.

"छे रे. जराशी आडवी झाली. काउंटीच्या वेबसाइटवर पाहिलं होतं, माझा रस्ता साफ दाखवत होता. म्हणून निघाले. पण रस्त्यावर बर्फ गुडघ्याएवढा. मग गॅरेजवाल्या वेंडेलने साखळी लावून ओढून काढली. तो म्हणाला, आमच्या गॅरेजचा कॉम्प्युटर बंद आहे. कुठला रस्ता साफ झाला, कुठला राहिला, ते कळवताच येत नाही. वेबसाइटवर जे दिसतंय ते टर्कीच्या सणाच्या आधीचं आहे म्हणे."

टर्कीचा सण नोव्हेंबरात होऊन गेला होता.

"बाई, गॅरेज हिरवं आहे," व्हर्लिन म्हणाला.

"मलाही हिरवंच दिसतंय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं."

"त्या रस्त्यावर मीही गेलो होतो चरात," एक कमिशनर छताकडे बघत म्हणाला. "नाताळात. वाटलं, आपणच वेबसाइट नीट वाचली नसेल."

ब्रेडन किम्बलच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली. ती तो कंपनीच्या खर्चाने शिकला होता. हार्लननी घड्याळाकडे पाहिलं. "असं करू," ते म्हणाले. "आधी जेवून घेऊ. मत जेवणानंतर. तोवर व्हर्लिन, तू एकदा पलीकडे जाऊन बघून ये. घाई नाही, पण परत ये."

व्हर्लिन बाईंच्याच पिकअपमधून निघाला. जानेवारीत गोठलेल्या तळ्यावरून रस्ता असतो, त्यामुळे वळसा वाचतो. दोन्ही बाजूंना बर्फात भोकं पाडून मासे धरायला बसलेल्यांची खोपटी होती, धुराड्यांतून धूर निघत होता. व्हर्लिन वाटभर बाईंना पटवत होता की चूक वेंडेलचीच असणार. गॅरेजच्या लोकांना कॉम्प्युटर कसा चालू करायचा तेच कळत नाही. भिंत खोटं बोलत नाही.

"नाही बोलत," बाई म्हणाल्या. "तिला विचारतोस ते ती सांगते."

गॅरेजात वेंडेल हाकाला आणि ट्रक चालवणारे त्याचे तीन गडी जेवायला बसले होते. वेंडेल आणि व्हर्लिन चर्चला एकाच बाकावर बसतात, आणि तळ्यावर दोघांचं मिळून एक खोपटं आहे.

"काय म्हणतोस, वेंडेल?"

"तसं काही वाईट नाही. तू?"

"वाईट नाही. तुमचा कॉम्प्युटर बंद आहे म्हणे."

"हो, तो बंद असतो आताशा," वेंडेल म्हणाला. "सूप घे. रानतांदळाचं आहे."

"अरे पण दोन महिने? लेका, सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. पण तक्रार तुझ्या खात्याच्या वेबसाइटवरच लिहायची, असा तुझा नियम आहे. आणि वेबसाइट उघडायला ती पेटी चालू लागते."

"मग फोन करायचा."

"केला की. ल्युआन म्हणाली, थांब हं, बघते. मग म्हणाली, आमच्याकडे तू हिरवा आहेस. आता तुमच्याकडे मी हिरवा आहे म्हटल्यावर मी कोण बोलणार?"

"दर रविवारी आपण शेजारी बसतो, वेंडेल."

"बसतो ना. तू विचारतोस काय म्हणतोस, मी म्हणतो वाईट नाही. चर्चमध्ये आणखी काय सांगायचं?"

गड्यांपैकी एकाने चमचा खाली ठेवला. "तक्रार अशी नाही," तो म्हणाला. "पण पूर्वी ती पेटी गरम असायची. आम्ही तिच्यावर हातमोजे वाळत घालायचो. हल्ली वाळत नाहीत."

व्हर्लिनने पेटी शोधली. ती फळीवर गार पडली होती, अंगावर ओल्या हातमोज्यांचे तीन जोड. तिची तार लोंबकळत होती. भिंतीवर विजेचा पॉइंट एकच, आणि त्यात सुपाचं विजेचं भांडं लावलेलं होतं. भांडं मोठं समजूतदारपणे रटरटत होतं.

व्हर्लिनने खिशातून फोन काढून तळघरात लावला.

"ल्युआन, तळ्यापलीकडचं गॅरेज कसं दिसतंय?"

"हिरवं."

त्याने भांड्याचा प्लग ओढून काढला. गड्यांनी श्वास रोखला. त्याने पेटीची तार लावली. पेटीचे दिवे एकेक करून लागले.

"आता?"

"हिरवं."

त्याने तार पुन्हा काढली. दिवे गेले. "आता?"

"हिरवं. साहेब, तुम्ही तिकडे काय खेळ करताय मला माहीत नाही, पण इकडे सगळं झकास आहे. तुम्ही त्या पेटीवर ट्रक घातलात तरी चालेल."

त्याने ल्युआनला गॅरेजचा ठिपका उघडायला लावला. हाक नेमकी कुणाला जाते, तो पत्ता वाच म्हणाला. ल्युआनने वाचला.

"हा तर आपल्या कपाटातल्या पेटीचा पत्ता आहे," व्हर्लिन म्हणाला.

"हो, माझं जॅकेट असतं तिच्यावर."

"वाचनालयाचा वाच."

"तोच."

"डेपो?"

"तोच. चौकीचाही तोच." ल्युआन खालपर्यंत बघत गेली असावी, कारण काही वेळ नुसता माउसचा आवाज येत राहिला. "साहेब, सगळे तिलाच विचारतात. बिचारी दिवसभर सगळ्या गावाच्या वतीने 'आहे, आहे' करत बसलीय."

"हे कुणी केलं?"

"तुमचं नाव आहे इथे," ल्युआन म्हणाली. "तारीखही आहे. वाचू?"

"नको."

आर्डिसबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. गॅरेजमधल्या गड्यांनी अचानक आपापल्या वाट्यांत लक्ष घातलं. कुणाची फजिती बघणं तिथे असभ्य समजतात. ऐकायला मनाई नाही.

"तिसरीत असताना," बाई म्हणाल्या, "मी हजेरी घ्यायचे. तुझा दोस्त डेल जर मासे धरायला पळाला असला, तर त्याच्या नावाला तू मागच्या बाकावरून आवाज बदलून 'हजर' म्हणायचास."

"तुम्हाला कळायचं?"

"अरे, डेल तोतरा होता."

यानंतर व्हर्लिनने जे केलं त्याची हकीकत पुढे काउंटीत धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाऊ लागली. म्हणून खरं काय ते नोंदवलेलं बरं. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गॅरेजची तार लावून मुकाट परत जायचं, भिंत होतीच हिरवी, मत त्याच्या बाजूने पडणार, तळघर वाचणार. किंवा प्रत्येक ठिपक्याला त्याचा खरा पत्ता द्यायचा. व्हर्लिनने दुसरी वाट धरली, आणि ती धैर्याने नव्हे. बाकीची काउंटी खरोखरच ठणठणीत आहे, याबद्दल त्याची बालंबाल खात्री होती. सहा वर्षं त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी हिरवी पाहिली होती. आपण मारलेल्या थापेवर शेवटपर्यंत विश्वास ठेवणारा माणूस एकच असतो, आणि थाप मारल्याचं त्यालाच आठवत नसतं.

"ल्युआन," तो म्हणाला, "सगळ्या ठिपक्यांना त्यांचे स्वतःचे पत्ते दे. ज्याला त्याला विचारू दे. आणि ते अर्धा तास थांबायचं काढून टाक. पहिल्यासारखं कर."

"आत्ता? साहेब, वर लोक लिंबाच्या वड्या खातायत. टीव्ही त्यांच्या डोक्यावर आहे."

"आत्ताच. बघू दे त्यांना. आमची काउंटी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते."

त्याने पेटीची तार पुन्हा लावली, भांड्याचा प्लग कडेला ठेवला, आणि ताठ मानेने पिकअपमध्ये जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर तो बाईंना सांगत होता की अशा परीक्षेतूनच खातं तावून सुलाखून निघतं. बाई म्हणाल्या, "असेल." मिनेसोटात 'असेल' म्हणजे नाही.

दालनाचं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, सूर्य मावळतीला आलाय आणि खिडकीतून तांबडा उजेड पडलाय. पण खिडकी पलीकडच्या भिंतीला होती. टीव्ही लाल होता. वरपासून खालपर्यंत. कमिशनर त्या लाल उजेडात निमूट बसले होते, हातातल्या वड्या तशाच. मधोमध एकच ठिपका हिरवा होता: तळ्यापलीकडचं गॅरेज.

"व्हर्लिन," हार्लन म्हणाले, "काहीतरी लाल दिसतंय बाबा."

ल्युआन दाराशी आली होती. तिने खाली बसल्याबसल्या जमेल तेवढी चौकशी फोनवर करून टाकली होती आणि तिला ती सांगायची घाई झाली होती. कचरा डेपोच्या वजनकाट्याची तार शरद ऋतूत अस्वलाने चावून खाल्ली. तेव्हापासून डेपोवाले वजन अंदाजाने सांगतात आणि अंदाज चांगला येतो. शेरीफच्या चौकीतली पेटी कुणीतरी रंगकामाच्या वेळी उचलून ठेवली, ती कुठे ठेवली ते रंगाऱ्याला आठवत नाही. आणि वाचनालय तर मागल्या वर्षीच नव्या इमारतीत गेलं.

"मग आपण इतके दिवस कुठल्या वाचनालयावर नजर ठेवून होतो?" एका कमिशनरने विचारलं.

"जुन्या. तिथे आता मासेमारीच्या आमिषांचं दुकान आहे."

"ते चांगलं चालतं," कमिशनर म्हणाला, कारण काहीतरी चांगलं बोलणं भाग होतं.

"पण कुणीच कसं काही बोललं नाही?" हार्लननी विचारलं. कुणीच काही बोललं नाही.

ब्रेडन किम्बल याच क्षणाची वाट बघत होता. तो उभा राहिला. "मंडळी," तो म्हणाला, "मला व्हर्लिन यांच्याबद्दल आदरच आहे. पण आमच्याकडे ही वेळ येत नाही. आमच्या ग्राहकांना असा पडदा कधीच बघावा लागत नाही."

"बघावा लागत नाही," आर्डिसबाई म्हणाल्या, "की असं घडत नाही?"

"दोन्ही एकच, मॅडम."

"अच्छा. एखाद्या पेटीने ओ दिली नाही तर तुम्ही काय करता?"

"लगेच गोंधळ उडवत नाही. ग्राहकाला विनाकारण काळजी नको. आमची यंत्रणा आधी काही वेळ वाट बघते."

"किती?"

"ते आम्ही ग्राहकाच्या सोयीने ठरवतो."

"आणि तरीही ओ आली नाही तर?"

"मग आम्ही तिच्या जवळच्या दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या पेटीकडून अंदाज घेतो," ब्रेडन म्हणाला. "ही आमची खास पद्धत आहे. राज्यातल्या काउंट्यांच्या मेळाव्यात एका तज्ज्ञाच्या व्याख्यानावरून आम्ही ती बसवली."

व्हर्लिनने खाली बघितलं. ल्युआनने छताकडे बघितलं. दालनाच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या वर, लाकडी ढाल टांगलेली होती, आणि सगळ्या कमिशनरांनी एकमेकांकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"हे जरा वेगळंच आहे," हार्लन म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला टॅमरॅक काउंटीत निर्णय म्हणतात. मिनिआपोलिसच्या कंपनीला नाही म्हणणं उद्धट दिसलं असतं. व्हर्लिनला काढणंही बरं दिसेना. परवाच त्याने सगळ्यांच्या नातवंडांचे फोन नीट करून दिले होते. त्याला शाबासकी द्यावी, तर टीव्ही समोर होता. तेव्हा एकमताने असं ठरलं की हा विषय तळ्याचा बर्फ सुटेपर्यंत पुढे ढकलावा, दरम्यान तीन जणांची समिती नेमावी, आणि समितीने लाल रंगाचा सर्व बाजूंनी अभ्यास करावा. व्हर्लिनने तोवर खातं सांभाळावं. ब्रेडन किम्बलला उरलेल्या वड्या ॲल्युमिनियमच्या कागदात बांधून देण्यात आल्या, आणि त्या बुटांनी तो गाडीपर्यंत कसा पोचतो हे चौघं जण खिडकीतून काळजीने बघत राहिले. आणखी एक ठराव आयत्या वेळी आला: बैठकीच्या वेळी भिंतीवरचा टीव्ही बंद ठेवावा. त्या उजेडात माणसाचे चेहरे बरे दिसत नाहीत.

व्हर्लिन जिना उतरून तळघरात आला. वसंतापर्यंत खुर्ची त्याची होती. समोर लाल भिंत होती, आणि तिच्यातला एकेक ठिपका खऱ्याखुऱ्या हिरव्यात आणायला त्याला अस्वलापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांना भेटावं लागणार होतं. तरी त्याला बरं वाटत होतं. एक तरी ठिपका त्याने स्वतःच्या हाताने जिवंत केला होता. तळ्यावरून जाऊन. तो त्या एकुलत्या हिरव्या ठिपक्याकडे अभिमानाने बघत राहिला.

तो बघत असतानाच ठिपका लाल झाला.

ल्युआनने कपाटातल्या पेटीवरचं जॅकेट उचललं. "आता निदान खरं बोलतोय," ती म्हणाली.

फोन वाजला. वेंडेल होता.

"काय म्हणतोस, व्हर्लिन?"

"तसं काही वाईट नाही. तू?"

"वाईट नाही. कमिशनरांनी ठेवलं ना तुला?"

"बर्फ सुटेपर्यंत."

"चांगलं झालं. आणि तू येऊन पेटी चालू करून गेलास, तेही फार चांगलं केलंस. हातमोजे मस्त वाळले. पोरं खूश आहेत." मागे चमचे वाजत होते. "फक्त सूप गार झालं रे."

"तू तार काढलीस, वेंडेल."

"जराशीच. गरम होईपर्यंत. तुला दिसलं का तिकडे?"

"दिसलं."

"हे चांगलं आहे," वेंडेल मनापासून म्हणाला. "पूर्वी दिसायचं नाही. बरं, एक विचारू का? घाई नाही हं. टर्कीच्या सणाच्या आधीपासून विचारू विचारू म्हणतोय, पण तुझ्या वेबसाइटवर लिहायला पेटी लागते, आणि पेटी लावली की सूप राहतं."

"विचार."

"तुझ्याकडे एखादा जुना एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला आहे का?" वेंडेलने विचारलं. "दोन पॉइंटांचा असला तरी चालेल. नसेल तर राहू दे."